जीव टांगणीला: एका बिनमुळाच्या शब्दाचं मराठी प्रकरण

मागच्या पावसाळ्यात एका समुपदेशक मैत्रिणीचा फोन आला. ती परळला बसते, मी दादरला भाषांतराची कामं करते. तिच्या माहितीपत्रकांचं मराठी मीच करते, त्यामुळे असे फोन नवीन नाहीत. पण या वेळी तिला पत्रक नको होतं, एक शब्द हवा होता, तोही गुरुवारच्या आत. गुरुवारी तिच्याकडे एक मुलगी येणार होती. मुलीने इंटरनेटवर 'लिमरन्स' (एका व्यक्तीच्या ओढीने मन पछाडलं जाण्याची अवस्था) हा शब्द वाचला होता, आपल्याला जे होतंय ते हेच, अशी तिची खात्री पटली होती आणि आता तिला ते आईला सांगायचं होतं. आईला इंग्रजी येत नाही.

"अगं, मग मोठ्या वाक्यात सांग ना समजावून," मी म्हटलं.

"वाक्य माझ्याकडे आहे. तिला नाव हवंय. नाव असलं की घरातले ऐकतात."

पुढचं सगळं त्या मुलीच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काय होत होतं

मुलगी एकोणतीस वर्षांची. गोरेगावला आईबरोबर राहते, लोअर परळला नोकरी. ऑफिसात एक सहकारी होता. दोघं एका टीममध्ये होते, चहाला जायचे, एवढंच. तो वांद्र्याला, बीकेसीच्या ऑफिसात बदलून गेला आणि त्याच सुमारास हे सुरू झालं. आमचं बोलणं झालं तेव्हा त्याला सव्वीस महिने झाले होते.

सव्वीस महिन्यांत दोघांमध्ये घडलेल्या गोष्टी तिने मैत्रिणीला मोजून सांगितल्या होत्या. तिच्या वाढदिवसाला त्याने एक लाल हृदय पाठवलं होतं (त्याने ते ऑफिसच्या ग्रुपवरही पाठवलं होतं, हे तिला ठाऊक होतं). तिच्या तीन स्टेटसना उत्तरं दिली होती. एकदा "भेटूया कधीतरी" म्हणाला होता. या सामानावर तिचे दिवस चालले होते. 'लास्ट सीन' बघायचं, ब्लू टिक आल्यावर किती वेळाने उत्तर येतं ते मनात धरायचं, 'कधीतरी'मध्ये नेमकं काय होतं याचा रात्री कीस पाडायचा. त्याचा मेसेज आला की ऑफिसातलं सगळं काम चार तासांत उरकायचं, नाही आला की डबा तसाच परत घरी जायचा.

सकाळी ती एक ठरावीक स्लो लोकल पकडायची, चर्चगेटच्या बाजूच्या लेडीज डब्यात, खिडकीशी. ती गाडी वांद्र्याला थांबते त्या वेळी तो कधीकधी जिन्याकडे चाललेला दिसायचा. आठवड्यातून दोनदा, चार-पाच सेकंद. गाडी चुकली तर दिवस गेला.

त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो वाईट वागला नव्हता, त्याने आशाही लावली नव्हती. हे लिहून ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण अशा गोष्टी ऐकताना आपण लगेच कुणाला तरी आरोपी करायला बघतो.

आई विचारायची, "कुणी आहे का?" मुलगी म्हणायची, "कुणी नाही." उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता.

शब्द कुठून आला

मूळ शब्दाची चौकशी केल्याशिवाय मी प्रतिशब्द शोधत नाही. लॅटिन किंवा ग्रीक मूळ सापडलं की त्याचा धागा धरून संस्कृतात उतरता येतं, आपल्या परिभाषेचे निम्मे शब्द असेच झालेत. इथे तो रस्ताच बंद होता.

'लिमरन्स' हा शब्द डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडवला. त्या कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट विद्यापीठात शिकवत. प्रेमात पडणं म्हणजे नेमकं काय होतं, याबद्दल त्यांनी पाचशेहून अधिक लोकांकडून माहिती गोळा केली: प्रश्नावल्या, मुलाखती, रोजनिश्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७९ साली आलं आणि शब्द तिथून पसरला. आधी त्यांनी 'अमोरन्स' असा शब्द करून पाहिला होता. त्यात लॅटिन 'अमोर', म्हणजे प्रेम, सरळ दिसतं. तो त्यांनी टाकून दिला. १९७७ मध्ये लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये त्यांचं म्हणणं छापून आलं, त्याचा मथितार्थ असा: या शब्दाला कसलंही मूळ नाही, तो दिसायला बरा आहे, फ्रेंचमध्येही चालून जातो, व्युत्पत्ती शोधू नका.

तरी लोक शोधतात. कुणी उंबरठ्यासाठीच्या लॅटिन शब्दाकडे नेतं, कुणी 'लिमरिक' या विनोदी कवितेकडे. बाईंनी स्वतः दार लावून घेतलं आहे.

मला आधी हा आळस वाटला. नंतर कारण कळलं. 'प्रेम' या शब्दाला इतकं काही चिकटलेलं असतं की त्यातून एकच अवस्था वेगळी काढून दाखवायची, तर कोरं भांडंच घ्यावं लागतं. त्या भांड्यात टेनोव्ह यांनी जे ठेवलं ते बरंच काटेकोर आहे. एका व्यक्तीचे विचार बोलावल्याशिवाय येत राहतात. तिच्याकडून प्रतिसाद मिळावा ही तहान शरीरसुखाच्या इच्छेहून मोठी असते. मूड तिच्या हातात जातो, किंबहुना ती जे करते त्याचा आपण लावलेल्या अर्थाच्या हातात. एका वेळी एकच व्यक्ती. तिचे गुण उजळून दिसतात, दोषही गोड वाटतात. छातीत खरोखर दुखतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे जळायला दोन गोष्टी एकत्र लागतात: आशा आणि अनिश्चितता. स्पष्ट होकार मिळाला तर ते निवत जातं, आशेचा शेवटचा धागा तुटला तरी निवतं. किंवा ते एका व्यक्तीवरून उठून दुसरीवर जाऊन बसतं. मधल्या मध्ये मात्र ते टिकतं, आणि अडचणी आल्या तर वाढतं.

किती टिकतं? टेनोव्ह यांचा अंदाज साधारण अठरा महिने ते तीन वर्षं असा आहे. हे वाचून मुलीने मैत्रिणीला विचारलं होतं, "म्हणजे अजून दहा महिने?"

हा आजार आहे का, हेही तिने विचारलं होतं. अधिकृत निदान म्हणून नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत हा शब्द नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही नाही. इटलीतल्या पिसा इथे दोनातेल्ला मारात्सिती आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच प्रेमात पडलेले वीस जण आणि मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, वीस रुग्ण यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स तपासल्या, तर सिरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन) वाहून नेणारं प्रथिन दोन्ही गटांत निरोगी लोकांपेक्षा कमी होतं. वर्षा-दीड वर्षाने प्रेमातल्या काही जणांना पुन्हा तपासलं तेव्हा ते पूर्ववत झालेलं दिसलं. अभ्यास छोटा आहे आणि तो प्रेमात पडण्याच्या पहिल्या दिवसांविषयी आहे, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण वारंवार मोबाइल बघणं आणि वारंवार कडी लागली का बघणं यांत नातं असावं, असं मैत्रिणीला आधीपासून वाटत होतंच.

एक गल्लत तिने पहिल्याच भेटीत दूर केली होती. 'तो माझ्यावर प्रेम करतो, फक्त सांगत नाही' असा अढळ भ्रम होणं ही वेगळी गोष्ट आहे. क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिथे मनोविकारतज्ज्ञांकडेच जावं लागतं. या मुलीला भ्रम नव्हता. तिला शंका होती, आणि शंकेनेच तिला धरून ठेवलं होतं.

आपल्याकडचे शब्द

मराठीत या वाटेवर शब्दांची टंचाई नाही, गर्दी आहे. दोन दिवस मी ती गर्दी चाळत होते.

'एकतर्फी प्रेम' सगळ्यात आधी आठवतं आणि ते सगळ्यात आधी काढून टाकावं लागलं. आपल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द नासवला आहे. 'एकतर्फी प्रेमातून' इतकं वाचलं की पुढे हल्ला, चाकू किंवा ॲसिड येणार हे आपण गृहीत धरतो. मुलीने आईला हा शब्द सांगितला असता, तर आईने पहिल्यांदा दाराला कडी घातली असती.

'विरह' सुंदर आहे, पण त्याला आधी सहवास लागतो. चहाच्या टपरीवरच्या सहवासावर विरह उभा राहत नाही.

मग मी साहित्यशास्त्राकडे गेले, कारण तिथे या बाबतीत फार बारीक काम झालं आहे. विप्रलंभ शृंगाराचा, म्हणजे दुरावा असतानाच्या शृंगाराचा, एक प्रकार आहे पूर्वराग, म्हणजे मीलनाच्या आधीची ओढ, नुसत्या दर्शनाने किंवा नुसत्या ऐकण्यानेही लागलेली. भरताच्या नाट्यशास्त्रात अशा ओढीच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत: अभिलाष, चिंतन, अनुस्मृती, गुणकीर्तन, उद्वेग, विलाप, उन्माद, व्याधी, जडता आणि शेवटी मरण. मैत्रिणीला ही यादी वाचून दाखवली तर ती हसायलाच लागली. "टेनोव्हबाईंची अर्धी यादी आली की यात! म्हणजे आपल्याकडे हे होतंच."

हे 'आपल्याकडे होतंच' मला नेहमी खटकतं. नाट्यशास्त्र नटाला सांगतं की ही अवस्था रंगमंचावर कशी दाखवायची. ज्याला ती झाली आहे त्याला बसवून कुणी विचारलेलं नाही. आणि 'पूर्वराग' या शब्दात एक आश्वासन दडलं आहे. 'पूर्व' म्हटलं की 'उत्तर' आलंच. नायिका झुरते, पण नाटक संपण्याआधी नायक येणार हे प्रेक्षकाला माहीत असतं. आमच्या मुलीला असा शब्द देणं म्हणजे तिच्या आशेला खतपाणी घालणं.

'ध्यास'वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्याच्या घरातला मोठा शब्द निदिध्यास. 'ध्यै' म्हणजे ध्यान करणे, त्याचं इच्छादर्शक रूप होऊन निदिध्यास बनतो: ध्यान करत राहण्याची इच्छा. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की आत्मा ऐकावा, त्याचं मनन करावं, त्याचा निदिध्यास घ्यावा. मराठीने त्याचा 'निजध्यास' केला, म्हणजे परक्या वाटणाऱ्या दोन अक्षरांत आपल्याला कळणारा 'निज' बसवून घेतला. आता गंमत बघा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणूस कसा घसरत जातो ते सांगितलं आहे, त्या साखळीची पहिली कडीही 'ध्यै'चीच आहे: 'ध्यायतो विषयान् पुंसः', विषयांचं ध्यान करणाऱ्याला त्यांचा संग जडतो, संगातून काम, पुढे क्रोध. एकच धातू ब्रह्माकडेही नेतो आणि वांद्र्याच्या जिन्याकडेही. पण आजच्या मराठीत ध्यास हा सत्काराचा शब्द आहे. ध्यास घेतलेल्या माणसाला शाल-श्रीफळ मिळतं. सव्वीस महिने झोप उडालेल्या मुलीला 'तुला ध्यास लागलाय' म्हणणं म्हणजे तिच्या पाठीवर थाप मारणं झालं असतं.

'झुरणे' जवळचा होता. त्याचा पूर्वज बघितला आणि चकित झाले. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात 'स्मृ', म्हणजे आठवणे, या धातूऐवजी येणाऱ्या धातूंमध्ये 'झूर' आहे. आठवत राहणं आणि झिजत जाणं हे या शब्दात एकच होऊन गेलं. पण झुरणाऱ्या माणसाचा चेहरा उतरलेलाच असतो. आमची मुलगी नुसती झुरत नव्हती. नुसता अंगठा आला तरी ती दिवसभर जमिनीवर नसायची. चढ नसलेला शब्द तिचं निम्मंच सांगतो.

'उत्कंठा'मध्ये मान उंचावून वाट बघणारं माणूस आहे, उत् अधिक कंठ. फलाटाकडे बघणाऱ्या मुलीला चपखल! पण क्रिकेटच्या शेवटच्या षटकांनी आणि मालिकांच्या जाहिरातींनी त्याचा पार चोथा केला आहे. 'वेड', 'खूळ', 'नाद' हे बाहेर उभं राहून बोट दाखवणारे शब्द आहेत. स्वतःबद्दल ते हसतहसत वापरता येतात, रडतरडत नाही.

'वेध' मला सोडवत नव्हता. व्यध् म्हणजे टोचणे, भोसकणे, कर्णवेधातला वेध तोच. शिवाय ग्रहणाचे वेध: ग्रहण लागायच्या आधीच पाळणूक सुरू होते, सूर्यग्रहणाला चार प्रहर आधी, चंद्रग्रहणाला तीन. अजून काही घडलेलं नाही, तरी माणूस जेवत नाही. त्या परत येणाऱ्या डब्याला याहून नेमका शब्द कुठला? बुधवारी रात्री मी 'वेध' पाठवूनही दिला. सकाळी मैत्रिणीचं उत्तर: "गणपतीचे वेध लागतात तेव्हा लोक खूश असतात गं. आणि ग्रहणाच्या मोक्षाची वेळ पंचांगात छापलेली असते. ती आधीच दहा महिने मोजत बसली आहे."

बरोबर होतं.

टांगणी

गुरुवारी सकाळी दादर स्टेशनच्या पुलावर, पावसाने गाड्या रखडलेल्या, तेव्हा शेजारची बाई फोनवर कुणाला तरी म्हणाली, "निकाल लागेपर्यंत जीव नुसता टांगणीला." मी तिथेच थांबले, मागून दोन धक्के बसले.

होकार नाही, नकार नाही, मधे लटकलेलं. टेनोव्ह यांना जे दोन घटक सांगायला पाचशे माणसं लागली, ते या वाक्प्रचारात आहेत: आशा तुटलेली नाही म्हणून टांगलेलं, आणि खात्री नाही म्हणून जमिनीला पाय नाहीत. चढउतारही आहे, कारण टांगलेली वस्तू वाऱ्याने हलते. त्यात प्रेम हा शब्दच नाही, म्हणून लाजही नाही. आणि आयांना तो नीट कळतो. दहावीचा निकाल, आयसीयूबाहेरचा बाक, परदेशातून न आलेला फोन, सगळ्याला आपण हेच म्हणतो.

घरी येऊन एक गोष्ट तपासली. टेनोव्ह यांच्या लेखनात ज्या व्यक्तीवर हे सगळं खिळतं, तिच्यासाठी रससिद्धांतात शब्द आहे, आलंबन विभाव. भाव ज्याच्या आधाराने उभा राहतो तो. 'आलंबन'मधला धातू 'लंब्', अर्थ लटकणे. म्हणजे भरताच्या परंपरेत माणूस ज्याला लटकतो तो आलंबन, आणि आपल्या आज्यांच्या मराठीत त्याचा जीव टांगणीला. दोन्हींची जोडणी कुणी केलेली मला दिसली नव्हती, म्हणून अर्धा तास मी स्वतःवर खूश होते. पुढे या शब्दाचं पत्रकही झालंच, त्यात मात्र 'आलंबन' घालू दिलं नाही मैत्रिणीने. "तुझी खुशी तुझ्यापाशी ठेव," म्हणाली.

त्रुटीही आहे. 'जीव टांगणीला' फार सैल वापरला जातो, दोन तासांच्या काळजीलाही तो चालतो. अवस्थेचं नाव म्हणून तो एकटा पुरणार नाही. म्हणून पत्रकात आम्ही 'लिमरन्स' तसाच ठेवला आणि त्यापुढे 'जीव टांगणीला लागण्याची, महिनोन्‌महिने न सुटणारी अवस्था' असं लिहिलं. मूळ भाषेतही ज्याला मूळ नाही, त्याला मराठीत संस्कृत मुळं लावून जुनाट करण्यात मला अर्थ दिसला नाही. मुद्रितशोधकांनी 'लिमरेन्स' असं करून पाठवलं, मी परत 'लिमरन्स' केलं, त्यावर तीन ईमेल झाले.

त्या गुरुवारनंतर

मुलीने शब्द ऐकला आणि म्हणाली, "मॅडम, एवढं साधं?" जरा निराश झाली होती म्हणे. नवीन, अनोळखी नावात एक आधार असतो, आपलं दुखणं खास असल्याचा. साध्या शब्दाने तो काढून घेतला. माझ्या मैत्रिणीच्या मते त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगी काम तेच झालं. मला अजून तितकी खात्री नाही.

उपाय काही जगावेगळे नव्हते. मंत्रचळात वापरतात तीच पद्धत थोडी सौम्य करून: 'लास्ट सीन' बघायची उबळ आली की न बघता दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, उबळ आपोआप उतरते हे अंगाला कळू द्यायचं. चॅट आर्काइव्हमध्ये. त्याने केलेल्या गोष्टी एका कागदावर आणि आपण त्यांना लावलेले अर्थ दुसऱ्यावर. पहिला कागद पाव भरला, दुसऱ्याला पुरवण्या लागल्या. लोकल तीच राहिली, कारण ऑफिसची वेळ तीच, पण डबा बदलला. मधल्या लेडीज डब्यातून वांद्र्याचा तो जिना दिसत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा ती जुन्याच डब्यात चढली होती, तेही तिने येऊन सांगितलं.

आईला तिने त्याच रविवारी सांगितलं. आई ओट्याशी भाकऱ्या करत होती. मुलगी म्हणाली, "आई, माझा जीव टांगणीला लागलाय गं, खूप दिवस."

आईने 'कोण' असं विचारलं नाही. "केव्हापासून?" म्हणाली.

"दोन वर्षं झाली."

आईने तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, पीठ लागलेल्या हातांनीच स्टूल ओढलं आणि म्हणाली, "बस."